आवाज माझ्याकडे

२ मार्च, रविवार

नाचाच्या बाई आज घरी येऊन गेल्या. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून भेटायला आलेल्या माणसांत फळं न आणणाऱ्या या एकट्याच. त्या काम घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मोठ्या मुलींचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे आणि शेवटच्या नाचाला संगीत हवंय. पूर्वी बाबा त्यांच्या हॉलमध्ये सिंथेसायझर घेऊन बसायचे आणि मुली समोर नाचायच्या. तसं आता जमणार नाही, पण घरी बसून रेकॉर्ड करून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "एका हाताने?"

"किती हातांनी ते तुमचं तुम्ही बघा, मास्तर. मला आठ मिनिटं हवीत."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "आठ मिनिटांत माझी एक बादली भरत नाही. वाजवा की." बाबांनी सिंथवरच्या चादरीकडे बघितलं. मग म्हणाले, "ऑर्केस्ट्रात माझ्या जागी आलाय त्याचा परवा पुन्हा फोन होता. सिंथ विकणार का म्हणून. बाईंना हे पसंत पडलं तर वाजवत राहीन. नाही पडलं तर त्याला देऊन टाकू. चादर पांघरून झोपवून ठेवायला तो काय पाहुणा आहे?"

मग माझ्याकडे वळून, "काय साहेब, तुमच्या लॅपटॉपवर होईल का?"

मी हो म्हणाले. येत नाही हे सांगायला हवं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून मी 'साहेब'. वीजबिलापासून हॉस्पिटलच्या कागदांपर्यंत जे कुणाला कळत नाही ते मला कळतं असं सगळे धरून चालतात, आणि मी कधी नाही म्हणत नाही. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. तिथे प्रत्येक नळीवरचं नाव मी दोनदा वाचते, आणि घरी आल्यावर एखादीवरचं वाचलं की नाही याचा विचार करते. अशा माणसाने बाबांच्या उरलेल्या हाताची जबाबदारी घ्यावी का?

म्हणून ही वही. डोक्यातलं कागदावर ठेवलं की थोडं शांत वाटतं, असं ऐकलंय.

४ मार्च, मंगळवार

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. दोन दिवस व्हिडिओ बघतेय. सांगणारा मुलगा इतका भरभर बोलतो की त्याच्या मागे कुणीतरी लागलंय असं वाटतं. पण मुद्दा कळला. सिंथ वायरने लॅपटॉपला जोडायचा. बाबांनी एका हाताने आधी फक्त खालचे जाड स्वर वाजवायचे, तो झाला एक थर. मग तो ऐकत ऐकत वर दुसरा थर वाजवायचा, मग तिसरा. सॉफ्टवेअर सगळे एकावर एक ठेवतं. ऐकणाऱ्याला वाटेल चार-पाच जण वाजवतायत.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एका हाताचे चार हात. बायको, ऐकलंस का, आता घरकामात मदत करू शकेन."

आई म्हणाली, "दोन होते तेव्हा कुठे केलीत?"

अडचण आवाजाची. सिंथच्या डाव्या कोपऱ्यात आवाज वर-खाली करायचा एक स्लायडर आहे. बाबांचा डावा हात वाजवता वाजवता मध्येच पट्ट्या सोडून तिथे जायचा, स्वर फुगवायचा, पुन्हा परत यायचा. लांबवलेला स्वर आधी बारीक यायचा, मग वाढत वाढत अख्खी खोली भरायचा. लहानपणी मला वाटायचं, बाबा सिंथमध्ये हवा भरतात. हे नसेल तर त्यांचं वाजवणं त्यांचं वाटतच नाही. पण डावा हात आता मांडीवर पडून असतो, बोटं मिटून, काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

नंतर माऊसने आवाजाची रेघ काढता येते, तसं त्या मुलाने दाखवलंय. मी बाबांना दाखवलं. त्यांनी नम्रपणे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे नकाशासारखं झालं. रस्ता चालायचा असतो. मी वाजवतो, तेव्हाच कुणीतरी आवाज हलवायला हवा."

"कुणी?"

"डाव्या बाजूला कोण बसलंय?"

६ मार्च, गुरुवार

पहिला थर झाला. मी स्लायडरवर बसले होते. हाताला इतका घाम आला की आईने रुमाल आणून दिला.

आई मात्र विचित्र वागतेय. वाजवणं चालू असताना पाय न वाजवता चालते, नळ बारीक सोडते. आज तर तिला शिंक आली ती पदर तोंडात कोंबून दाबली आणि डोळ्यांत पाणी आलं. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, रेकॉर्डिंग चालू आहे ना." मी सांगितलं, "आई, हे वायरमधून जातं. हवेतून नाही. तू भांडी आपटलीस तरी त्यात येणार नाही." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीन दिवस मी चोरासारखी वावरतेय आणि हे आत्ता सांगतेस?"

त्यानंतर तिने खरोखरच भांडी आपटली.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस. दुसरा थर जमत नाहीये. बाबा पहिला थर ऐकत त्यावर वाजवतात आणि प्रत्येक वेळी मागे पडतात. थोडेसेच, पण पडतात. सात-आठ वेळा प्रयत्न केला. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि त्याच्याकडे बघितलं. डाव्याकडे बघतात तसं.

"हासुद्धा?" एवढंच म्हणाले, आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

९ मार्च, रविवार

बाबांचा हात उशीर करत नव्हता. लॅपटॉप करत होता.

पट्टी दाबली की आवाज लॅपटॉपमधून फिरून यायला किंचित वेळ लागतो, आणि बाबा त्या उशिरा येणाऱ्या आवाजाची वाट बघत वाजवत होते. मी त्या व्हिडिओवाल्या मुलाचं म्हणणं पुन्हा ऐकलं, एक आकडा कमी केला. मग स्वतः एक पट्टी दाबून बघितली. लगेच आली. पुन्हा दाबून बघितली. लगेच.

बाबा अजून झोपलेच होते. मी उठवलं. "बाबा, हात चांगला आहे. मशीन आळशी होतं." त्यांचा विश्वास बसेना. मग बसून वाजवलं, आणि थर पहिल्या थरावर असा बसला, की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कसं."

बाबांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला. मला वाटतं, माझ्या शिक्षणाचा आमच्या घरात आजवर झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग असावा.

१३ मार्च, गुरुवार

तीन थर झाले. खालचे स्वर, मधले भरीव स्वर, आणि त्यावर एक हलका, वाऱ्यासारखा. आता मुख्य चाल.

स्लायडर मला जमायला लागलाय. खरं लिहायचं तर मी त्यात थोडी हुशारी करते. चालीत तीन ठिकाणी स्वर एकदम वर चढतात, तिथे बाबांची बोटं पूर्वीसारखी लांब पोचत नाहीत. ते जवळ आले की मला त्यांच्या बोटांवरून आधीच कळतं, आणि मी आवाज जरासा खाली घेते. फार नाही. चुकलंच तर टोचू नये इतकाच. चढ पार झाला की पुन्हा वर. बाबांना कळत नाही. त्यांना कळू नये याची मी काळजी घेते. ही फसवणूक आहे का? लॅबमध्ये मी एक शून्यसुद्धा इकडचं तिकडे करणार नाही. पण हे रक्त नाही, आणि ते माझे वडील आहेत.

एक गोष्ट मात्र काळजीची. बाबा हल्ली पट्ट्या फार जोरात दाबतात. सगळीकडे नाही, मध्येच. आज एकदा तर टेबल हललं. रविवारी व्यायाम घ्यायला फिजिओ येतो, त्याला विचारायला हवं, हे कशाचं लक्षण तर नाही ना.

१६ मार्च, रविवार

फिजिओ आला होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "ताकद येतेय, ताई. चांगलंच आहे." पण फक्त काही जागीच का येते, ते त्याला सांगता आलं नाही. मी इंटरनेटवर वाचत बसले आणि मग वाचणं बंद केलं.

मुख्य चाल आज पूर्ण झाली. तिन्ही चढांवर एकही चूक ऐकू येत नाही. बाबांनी सगळे थर एकत्र ऐकले, डोळे मिटून. शेवटी म्हणाले, "स्वच्छ आहे."

मला फार आनंद झाला. बुधवारी बाई ऐकायला येणार आहेत.

१९ मार्च, बुधवार

आज झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतेय.

बाई आल्या, चहा नको म्हणाल्या, ऐकायला बसल्या. बसल्या म्हणजे अर्धवटच, कारण ऐकताना त्यांचे पाय हलत असतात. पहिला चढ आला आणि पाय थांबले. दुसऱ्याला कपाळाला आठी. संपल्यावर म्हणाल्या, "मास्तर, थर छान रचलेत. एवढं भरलेलं मला अपेक्षित नव्हतं. पण या तीन जागी माझ्या मुली उडी मारतात. उडी मारायच्या आधी त्यांना खालून कुणीतरी उचलल्यासारखं वाटायला हवं. तुमचं संगीत नेमकं तिथे मागे सरतं. पायाखालची फळी काढून घ्यावी तसं."

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी बाबा म्हणाले, "हो बाई. माझा हात अजून घाबरतो."

"घाबरून कसं चालेल? दहा दिवस आहेत. बघा." आणि त्या गेल्या.

बाबांचा हात घाबरत नाही. घाबरते ती मी. आणि मी गप्प बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, भूक लागलीय.

त्यांना वाटत असेल की खरंच त्यांच्या हाताचंच चुकलं. तो शनिवार आठवतोय, भिंतीकडे तोंड. मी हे गुपचूप दुरुस्त करणार आहे. रेघ माऊसनेही बदलता येते. तिन्ही खड्डे भरून काढले की झालं. बाबांना पुन्हा वाजवायला लागणार नाही आणि कुणाला काही कळणार नाही.

२० मार्च, गुरुवार

लॅबमधून आल्या आल्या हेडफोन लावून बसले. पहिल्या चढाजवळचा खड्डा भरला, रेघ सरळ केली, ऐकलं.

तो स्वर किंचाळला.

दुसरा भरला, तोही. तिसराही. मला वाटलं, मी काहीतरी बिघडवलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर किती जोरात दाबलाय ते दिसतं. बघितलं तर बाकी सगळे स्वर मऊ आणि बरोबर त्या तीन जागी बाबांनी सगळा जोर लावलेला. मी जितकी खाली, ते तितके वर. प्रत्येक वेळी. चुकलेल्या, टाकून दिलेल्या प्रयत्नांमध्येसुद्धा तसंच. अगदी मुख्य चालीच्या पहिल्या दिवसाच्यासुद्धा.

बाबा आपल्या खुर्चीवर पेपर वाचत होते, एका हाताने पान उलटायची त्यांची एक पद्धत झालीय, हनुवटीने धरून. मी हेडफोन काढून म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी विचारलं नाही, काय म्हणून.

"स्लायडर माझ्या नाकाखाली आहे, साहेब. चाळीस वर्षं त्याच्याशी खेळलोय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू इतकी जीव लावून मला झाकत होतीस. म्हटलं, होईल सवय. तोवर आपण जरा जोर लावू."

"आणि बाईंसमोर का घेतलंत स्वतःवर?"

"माझ्यावरच आलं असतं ते. संगीत माझं आहे." मग पेपर खाली ठेवून, "आणि तू रडलीस की आईचं जेवण बिघडतं. मीठ विसरते ती."

आतून आई म्हणाली, "मी ऐकतेय."

मी म्हटलं, मुख्य चाल पुन्हा वाजवायला हवी. नुसता आवाज वाढवून होणार नाही, आणि नुसते स्वर मऊ करूनही होणार नाही. दोन्ही एकत्रच व्हायला हवं. बाबा म्हणाले, "तेच तर मी पहिल्या दिवशी सांगत होतो."

२२ मार्च, शनिवार

जमत नाही. चढ जवळ आला की माझा हात आपोआप खाली येतो. मी दात आवळते, तरी येतो. बाबा चिडत नाहीत, आणि ते जास्त वाईट वाटतं.

२३ मार्च, रविवार

बाबा म्हणाले, "तू माझ्या बोटांकडे बघतेस. बघू नकोस. ऐक."

डोळे मिटून बघितलं. उघडतात. शेवटी खुर्ची फिरवली. मी भिंतीकडे तोंड करून बसले, हात मागे वळवून स्लायडरवर. खांदा दुखतो, पण बोटं दिसत नाहीत. आईने बघितलं आणि म्हणाली, "रुसून बसल्यासारखी दिसतेस." मग भाजी निवडायचं सोडून तीही येऊन पलंगावर बसली.

भिंतीवर एक पोपडा आहे. मी त्याच्याकडे बघत होते. खालचे स्वर सुरू झाले, मधले आले, मग बाबांची चाल. न बघता ऐकलं की एक वेगळीच गोष्ट कळते, ती कशी लिहावी? चाल चढाच्या आधी श्वास घेते. माणूस जड काही उचलायच्या आधी घेतो तसा. इतके दिवस मी बोटं बघत होते म्हणून तो मला ऐकूच आला नव्हता. तो आला तेव्हा माझा हात वर गेला. मी नेला असं नाही म्हणता येणार.

आणि बाबा चुकले.

पूर्ण आवाजात, सगळ्या थरांच्या वर, एक भलताच स्वर अख्ख्या खोलीत. झटक्यापासून मी त्यांची एकही चूक धड ऐकली नव्हती, ऐकू येऊच दिली नव्हती. मी भिंतीकडे बघत गोठले.

आई म्हणाली, "चुकलं."

"ऐकू आलं?" बाबा.

"पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत."

आणि बाबा हसायला लागले. घसा मोकळा करून, पोट हलवून, पूर्वी ऑर्केस्ट्राच्या तालमीत हसायचे तसे. मी मान वळवून बघितलं तर ते उजवा हात झटकत होते, पाणी झटकावं तसा. म्हणाले, "पुन्हा. चढापासून. आणि साहेब, मगाशी जेवढा दिलास तेवढाच आवाज दे. जरा जास्तच दे."

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, हे माझ्यासाठी नवीन आहे. शेवटी तिन्ही चढ पार झाले. तिसऱ्याला बोट थोडं घसरतं, ऐकणाऱ्याला कळेल. मी विचारलं, पुन्हा घ्यायचं का? बाबा म्हणाले, "नको. ते माझं आहे."

नंतर मी सॉफ्टवेअरमध्ये बघितलं. त्या तीन जागी स्वर मऊ आहेत. टेबल हललं नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

आज बाबांना हॉलमध्ये घेऊन गेलो. रिक्षा, काठी, पाच पायऱ्या, आणि पायऱ्यांवर माझा हात नको म्हणाले म्हणून आई मागे, मी पुढे, दोघींचे हात हवेत.

मुलींनी आमच्यासमोर नाच केला. पहिला चढ आला आणि आठही जणी एकदम वर गेल्या. मी नाचाबद्दल काही लिहू शकत नाही, मला त्यातलं कळत नाही. एवढंच, की त्या वर असताना मला माझा हात आठवला, भिंतीकडे तोंड असतानाचा. आई बाबांच्या डाव्या हाताला धरून बसली होती.

संपलं. मुली धापा टाकत होत्या. बाई बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मला वाटलं आता चार बरे शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "चढ ठीक झालेत. पण शेवट केवढा लांबवलाय, मास्तर? मुली नमस्कार करून आत जातील, कपडे बदलतील, तरी तुमचं चालूच. पूर्वीपासून तुमची ही खोड आहे. झटक्याआधीच्या कार्यक्रमालाही सांगितलं होतं. अर्धा करून गुरुवारपर्यंत आणा. आणि यानंतर लहान मुलींचा एक आहे, तो तरी वेळेवर सुरू करा."

सगळ्यांसमोर. मुलींसमोर. जेमतेम पायऱ्या चढून आलेल्या माणसाला. माझ्या कानाची पाळी तापली. बाबा मान खाली घालून "बरं, बरं" म्हणत राहिले.

रिक्षात ते काठी गुडघ्यांत धरून बसले. मी हळूच म्हटलं, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. बाईंचा स्वभावच तसा."

"अगदी तसाच आहे," ते म्हणाले. "जराही बदललेल्या नाहीत." आणि रस्त्याकडे बघत, तोंडातल्या तोंडात, "दीड वर्ष झालं, जो तो माझ्याशी गोडच बोलतोय."

मला वाईट वाटलं. म्हणजे त्यांना बाईंचं बोलणं लागलंच होतं. आईकडे बघितलं तर तिने तोंड दुसरीकडे केलं होतं, आणि तिचे खांदे हलत होते. रडत असावी असं मला वाटलं. ती हसत होती.

घरी आल्यावर बाबांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. ऑर्केस्ट्रातल्या त्या माणसाला फोन लावला. "हो रे. नाही, विकायचा नाहीये. नाही म्हणजे नाही. काम आहे मला." मग फोनवरच बाईंबद्दल तक्रार करायला लागले, शेवट अर्धा करा म्हणे, संगीत म्हणजे काय कापड आहे, वाटेल तिथे कातरायला, अशी. चांगला अर्धा तास. मी आईला म्हटलं, "किती चिडलेत बघ, आजचा दिवस राहू दे काम."

आई म्हणाली, "तू शिकलेली आहेस ना?" आणि सिंथवरची चादर काढून माझ्या हातात दिली. "ही धुवायला टाक. आता पुन्हा घालू नकोस."